सर्व प्लॅटफॉर्मच्या नेटिव्ह लायब्ररी एकाच बंडलमध्ये ठेवाव्यात का?

सिरियल पोर्टसाठीची सी भाषेतील नेटिव्ह (म्हणजे थेट त्या-त्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी बनवलेली) लायब्ररी विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर द्यायची असेल तर ओएसजीआयमध्ये (जावा प्रोग्राम सुट्या भागांतून बांधण्याची चौकट) एकच बंडल (असा एक सुटा भाग, म्हणजे एक जार फाइल) करावे की तीन, आणि बंडल अपडेट केल्यावर 'अनसॅटिस्फाइड लिंक एरर' (जावाला नेटिव्ह लायब्ररी जोडता न आल्याची चूक) का येते, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपला जावा कोड तिन्हीकडे सारखाच आहे का, यावर ठरते. तो सारखा असेल, तर विंडोज, लिनक्स आणि मॅकच्या अनुक्रमे डीएलएल, एसओ आणि डायलिब या लायब्ररी फायली एकाच बंडलमध्ये ठेवून मॅनिफेस्टमधील (बंडलची माहिती देणारी फाइल) 'बंडल-नेटिव्हकोड' या हेडरमध्ये प्रत्येकीची ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोसेसर नोंदवावा. योग्य फाइल निवडून ती जारमधून डिस्कवर काढण्याचे काम ओएसजीआयचे फ्रेमवर्क करते. या हेडरमध्ये स्वल्पविराम दोन पर्याय वेगळे करतो, तर अर्धविराम एकाच पर्यायातील फायली जोडतो. त्यामुळे एकाच प्लॅटफॉर्मच्या दोन लायब्ररींमध्ये स्वल्पविराम पडला, तर त्यांपैकी एकच निवडली जाते. या एका चिन्हापायी माझा अख्खा दिवस गेला आहे. हेडरच्या शेवटी तारांकन दिल्यास, जुळणारी लायब्ररी नसतानाही बंडल रिझॉल्व्ह होते, म्हणजे वापरासाठी सज्ज मानले जाते. लायब्ररी अत्यावश्यक असेल तर मी तारांकन देत नाही, कारण ग्राहकाकडे ऐन कामात चूक उघड होण्यापेक्षा बंडल सुरुवातीलाच अडलेले बरे.

जावा कोडही प्लॅटफॉर्मनुसार बदलत असेल, तर एक्लिप्सच्या एसडब्ल्यूटी या खिडक्या-बटणे दाखवणाऱ्या लायब्ररीप्रमाणे एक यजमान बंडल आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी एक फ्रॅगमेंट (यजमानाला जोडले जाणारे पूरक बंडल) अशी रचना करावी.

आता अपडेटविषयी. एकच नेटिव्ह लायब्ररी एकाच वेळी दोन क्लासलोडरना (वर्ग मेमरीत आणणारे जावाचे घटक) लोड करता येत नाही, असा जावाचा नियम आहे. बंडल अपडेट झाले की त्याला नवा क्लासलोडर मिळतो. पण जुन्या क्लासलोडरकडे कोठूनही एखादा संदर्भ उरला असेल, तर गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा घटक) त्याला हटवू शकत नाही आणि लायब्ररी त्याच्याच ताब्यात राहते; मग नवा क्लासलोडर ती लोड करू गेला की ही एरर येते. म्हणून जेएनआयचे (जावातून नेटिव्ह कोड वापरण्याची सोय) वर्ग आणि लायब्ररी एवढेच असलेले एक छोटे, क्वचितच बदलणारे बंडल वेगळे काढावे आणि बदलता कोड त्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या बंडलमध्ये ठेवावा, म्हणजे नेहमीच्या अपडेटमध्ये नेटिव्ह भागाला हात लागणार नाही. तो भाग बदलावाच लागला, तर संपूर्ण जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारे आभासी यंत्र) पुन्हा सुरू करावे.