वाचक विचारतात: सिंगापुरातला विरोधी पक्ष गेला कुठे?

मागच्या अंकात मी सिंगापूरच्या मे २०२५ च्या निवडणुकीवर पानभर लिहिलं होतं. ९७ पैकी ८७ जागा पीपल्स ॲक्शन पार्टीला, उरलेल्या १० वर्कर्स पार्टीला, एवढाच त्याचा गाभा. त्यावर बरीच पत्रं आली. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देते. मी १९९६ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि २००३ मध्ये इथली नागरिक झाले. तोआ पायोच्या सरकारी वसाहतीत राहते, तेव्हा जे सांगेन ते थोडं पुस्तकातलं आणि बरंचसं बाराव्या मजल्यावरून दिसलेलं असेल.

प्रश्न : १९५९ पासून तिथे एकच पक्ष सत्तेवर आहे. म्हणजे दुसरे पक्ष तिथे कधी रुजलेच नाहीत का? (एक निवृत्त शिक्षक, कराड)

सर, रुजले होते, आणि चांगले जोमाने रुजले होते. १९४८ ची पहिली निवडणूक अगदी छोटी होती. निवडून द्यायच्या जागा फक्त सहा आणि मतदान ब्रिटिश प्रजाजनांपुरतं. त्यात तीन जागा प्रोग्रेसिव्ह पार्टी या वकील-व्यापाऱ्यांच्या पक्षाने घेतल्या. १९५५ मध्ये मतदारांची नावं आपोआप यादीत आली, मतदार काही पटींनी वाढले आणि सगळंच उलटंपालटं झालं. २५ जागांपैकी १० जागा डेव्हिड मार्शल यांच्या लेबर फ्रंटला मिळाल्या. प्रोग्रेसिव्ह चारवर आली. आणि आजचा हा बलाढ्य सत्ताधारी पक्ष? त्याला तीन जागा. २१ नोव्हेंबर १९५४ ला व्हिक्टोरिया मेमोरियल हॉलमध्ये स्थापन झालेला तो पक्ष तेव्हा पाच महिन्यांचाही नव्हता.

मार्शल यांच्याबद्दल दोन ओळी जास्त लिहिते, कारण मला हा माणूस फार आवडतो. बगदादी ज्यू घराण्यातले, फौजदारी वकील, आवाज खणखणीत. एम्प्रेस प्लेसला एका झाडाखाली दुपारच्या सुट्टीत ते सभा घेत आणि कारकून डबा सोडून ऐकायला जमत. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी लोकांना थेट भेटून गाऱ्हाणी ऐकायची पद्धत सुरू केली. लंडनला स्वराज्याची बोलणी फिसकटली, तेव्हा दिलेल्या शब्दाला जागून १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि १९५७ मध्ये वर्कर्स पार्टी काढली. आज ज्या १० जागा विरोधकांकडे आहेत, त्या याच पक्षाच्या. गाऱ्हाणी ऐकण्याची ती पद्धतही टिकली आहे. इथला खासदार, कोणत्याही पक्षाचा असो, आठवड्यातली एक संध्याकाळ वसाहतीत बसतो आणि लोक टोकन घेऊन रांग लावतात.

प्रश्न : आमच्याकडे पक्ष फुटण्याचं पेव फुटलंय. तिकडे कधी पक्ष फुटला का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक)

फुटला, आणि असा फुटला की त्याचा परिणाम आजही संपलेला नाही. तू विचारलंस म्हणून जरा सविस्तर सांगते.

पीपल्स ॲक्शन पार्टी दोन गटांची मिळून झाली होती. एकीकडे ली क्वान यू, गोह केंग स्वी, तोह चिन चाय, एस. राजरत्नम ही इंग्रजी शिकलेली मंडळी. दुसरीकडे लिम चिन सियोंग यांच्यासारखे, चिनी शाळांतून आणि कामगार संघटनांतून आलेले डावे. लिम यांच्या भाषणाला मैदानं भरत. पहिल्या गटाकडे कायदा आणि कारभार होता, दुसऱ्याकडे माणसं. दोघांना एकमेकांची गरज होती, भरवसा मात्र फारसा नव्हता. १९५७ मध्ये डाव्यांनी पक्षाच्या कार्यकारिणीच्या निम्म्या जागा जिंकल्या. त्यातल्या अनेकांना तेव्हाच्या सरकारने लगोलग अटक केली आणि ली यांच्या गटाने पक्ष परत हातात घेतला. त्यानंतर पक्षाच्या घटनेत एक बदल झाला, तो लक्षात ठेव. साध्या सभासदाला कार्यकारिणी निवडण्याचा हक्क उरला नाही. तो हक्क फक्त निवडलेल्या कार्यकर्त्यांना, ज्यांना इथे ‘केडर’ म्हणतात. आणि केडर कोणाला करायचं, ते कार्यकारिणी ठरवते. पक्ष पुन्हा आतून कोणाच्या हाती जाऊ नये यासाठी बसवलेलं हे कुलूप आजतागायत तसंच आहे.

१९५९ मध्ये ५१ पैकी ४३ जागा जिंकून पक्ष सत्तेवर आला आणि ली क्वान यू पंतप्रधान झाले. दोन वर्षांत मलायाशी विलीनीकरणाचा प्रश्न पुढे आला आणि डावे बिथरले. विलीनीकरण झालं तर क्वालालंपूरचं सरकार आपल्याला चिरडेल, ही त्यांची भीती होती. जुलै १९६१ मध्ये अँसनची पोटनिवडणूक पक्ष हरला, तीही मार्शल यांच्याकडून. ली यांनी विश्वासदर्शक ठराव मांडला.

२० जुलैला दुपारी सुरू झालेली चर्चा दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत चालली. पक्षाचेच तेरा आमदार तटस्थ राहणार हे उघड होतं, त्यामुळे एकेक मत मोजलं जात होतं. सहोरा बिंती अहमत या पक्षाच्या मलय आमदार रुग्णालयात होत्या. त्यांना रुग्णवाहिकेतून सभागृहात आणलं गेलं आणि त्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. ठरावाच्या बाजूने २७, विरोधात ८, तटस्थ १६. ५१ च्या सभागृहात बहुमताला २६ लागत होती.

ती इमारत अजून उभी आहे. आता तिथे कलादालन आहे आणि नाटकं-मैफली होतात. पक्ष जिथे स्थापन झाला तो व्हिक्टोरिया हॉल तिथून हाकेच्या अंतरावर आहे. गावाकडून कोणी आलं की मी त्यांना आधी तिथे नेते, मर्लायन (सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला इथला प्रसिद्ध पुतळा) नंतर. जुन्या सभागृहात उभं राहिल्यावर मला दर वेळी त्या बाईंची आठवण येते. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एक ओळ मिळते. त्या पहाटे त्या आल्या नसत्या तर ठराव अगदी काठावर आला असता.

त्या तेरा जणांनी बारिसान सोशालिस हा पक्ष काढला. पक्षाच्या ५१ शाखांपैकी ३५ शाखा त्यांच्याबरोबर गेल्या, २३ संघटन-सचिवांपैकी १९ गेले. मूळ पक्षाकडे सरकार उरलं आणि गल्लीबोळातली माणसं नव्या पक्षाकडे गेली.

प्रश्न : मग एवढा मोठा बारिसान पक्ष संपला कसा? (एक वाचक, सांगली)

दोन कारणांनी. दोन्ही सांगायला हवीत, कारण इथे बहुतेक लोक आपापल्या सोयीचं एकच सांगतात.

पहिलं कारण, तुरुंग. २ फेब्रुवारी १९६३ च्या पहाटे ‘ऑपरेशन कोल्डस्टोअर’मध्ये शंभराहून अधिक जणांना खटल्याविना डांबलं. लिम चिन सियोंग त्यात होते, ते १९६९ मध्ये सुटले. बिनीचे नेते आत असताना सप्टेंबर १९६३ ची निवडणूक झाली. तरी बारिसानने १३ जागा आणि एक तृतीयांश मतं घेतली. ही गोष्ट माझ्या मते अन्यायाची होती आणि मी ती मोकळेपणाने लिहिते.

दुसरं कारण मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं. १९६३ मध्ये विलीनीकरण होऊन सिंगापूर मलेशियात गेलं होतं, ते ऑगस्ट १९६५ मध्ये बाहेर पडलं. हे स्वातंत्र्यच खोटं आहे, असं म्हणत पक्षाध्यक्ष ली सिऊ चो यांनी संसदेवर बहिष्कार टाकला. १९६६ मध्ये उरलेल्या खासदारांनी राजीनामे दिले, लढा रस्त्यावर न्यायचा म्हणून. १९६८ च्या निवडणुकीत ते उतरलेच नाहीत. ५८ पैकी ५१ जागा बिनविरोध गेल्या, उरलेल्या सातही सत्ताधाऱ्यांनी जिंकल्या. त्यानंतर १९८१ पर्यंत संसदेत निवडून आलेला एकही विरोधक नव्हता. कामगार कायदे, सक्तीची लष्करी सेवा, घरांसाठी जमिनी ताब्यात घेणं, हे सगळं त्या रिकाम्या बाकांसमोर मंजूर झालं. तुरुंगातल्या माणसांना मी दोष देत नाही. बाहेर असलेल्यांनी, मतदारांनी दिलेली खुर्ची सोडायला नको होती.

हेच ली सिऊ चो १९८८ मध्ये वर्कर्स पार्टीकडून युनोसमध्ये उभे राहिले, दोनेक टक्क्यांच्या फरकाने त्यांचा गट हरला (ही गटाची पद्धत पुढे सांगते), आणि हरलेल्या विरोधकांना काही जागा देण्याची जी नवी सोय होती तिच्यातून ते संसदेत आले. राजीनाम्यांनंतर बावीस वर्षांनी.

प्रश्न : विरोधक परत आले कसे? आणि आपण स्वतः कधी मत दिलंत? (गृहिणी, डोंबिवली)

ताई, पहिला आला जे. बी. जेयारत्नम यांच्या रूपाने. ऑक्टोबर १९८१ मध्ये अँसनच्या पोटनिवडणुकीत वर्कर्स पार्टीतर्फे. देवन नायर राष्ट्रपती झाले म्हणून ती जागा रिकामी झाली होती. १९८४ मध्ये पोतोंग पासिरमधून चिआम सी तोंग निवडून आले. प्रचारात ली क्वान यू यांनी त्यांचे शाळेतले गुण आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचे गुण जाहीर सभेत शेजारी शेजारी ठेवून दाखवले. लोकांना ते रुचलं नाही. चिआम साठ टक्के मतांनी जिंकले आणि पुढे २०११ पर्यंत तिथून हरले नाहीत.

पोतोंग पासिर आमच्या शेजारचीच वसाहत. उतरत्या छपरांच्या इमारती आहेत तिथे, लांबूनही ओळखू येतात, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची टोकं दिसतात. चिआम इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, ज्याला इथे ‘व्हॉइड डेक’ म्हणतात, टेबल-खुर्ची मांडून लोकांना भेटत. माझी एक मैत्रीण त्या भागात राहायची, तिच्याबरोबर मी एकदा गेले होते. नळकोंडाळ्यावर वाट पाहावी तशी माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली, डोक्यावर पंखा. एका आजीबाईचं विजेच्या बिलाचं पत्र ते स्वतः वाचत होते, सावकाश, बोट ठेवून.

त्या वसाहतीने याची किंमत मोजली. जुन्या इमारतींत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे आणि सुधारणेचा पैसा कुठे आधी जाईल हे मतांशी जोडलेलं असल्याचं सरकार उघड सांगत असे. २००६ मध्ये पोतोंग पासिर आणि हाउगांग या दोन विरोधी मतदारसंघांना मिळून १८ कोटी डॉलरच्या सुधारणांचं आश्वासन दिलं गेलं. दोन्हीकडच्या लोकांनी तरी आपलाच माणूस निवडला. गुडघेदुखीची माणसं दोन-तीन मजले चढत राहिली, पण मत बदललं नाही. मला याचा फार आदर वाटतो.

माझं म्हणाल, तर २००६ ला मी नागरिक होते, पहिल्या मतदानासाठी उत्सुक होते. भारतीय पासपोर्ट परत करताना रडले होते, तेव्हा निदान इथलं मत तरी नीट द्यायचं, असं मनाशी ठरवलं होतं. उमेदवारी अर्जांच्या दिवशी दुपारी टीव्हीवर कळलं, बिशान-तोआ पायो बिनविरोध. आमचा मतदारसंघ पाच जणांच्या गटाचा होता. १९८८ पासून इथे अशी पद्धत आहे : पक्षाने संपूर्ण गट उभा करायचा, त्यात किमान एक जण अल्पसंख्याक समाजाचा, आणि जिंकला तर सगळा गट जिंकतो. मलय आणि भारतीय वंशाचे लोक संसदेत यावेत हा हेतू मला पटतो. पण लहान पक्षाला पाच लायक माणसं आणि पाच अनामत रकमा कुठून आणायच्या? त्या वर्षी ८४ पैकी ३७ जागा अशाच गेल्या. मी कपाटातून काढून ठेवलेली साडी परत घडी करून ठेवली.

२०११ मध्ये चिआम पोतोंग पासिर सोडून आमच्याकडेच उभे राहिले. त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, बोलणं जड झालं होतं. त्यांचा गट आमच्याकडे हरला आणि पोतोंग पासिरमध्ये त्यांच्या पत्नी ११४ मतांनी हरल्या. त्याच रात्री अल्जुनीडमध्ये वर्कर्स पार्टीने गट-मतदारसंघ जिंकला. विरोधकांनी जिंकलेला तो पहिलाच गट.

प्रश्न : मुलगा तिथे तीन वर्षं नोकरीला आहे. त्याला मत देता येईल का? (ठाणे)

नाही. फक्त २१ वर्षांवरच्या नागरिकाला. कायम रहिवाशालाही नाही. नागरिकाला मात्र मतदान सक्तीचं, चुकवलं तर यादीतून नाव जातं.

प्रश्न : मतपत्रिकेवर क्रमांक असतो म्हणे. मग मत गुप्त कसं? (पुणे)

क्रमांक असतो, हे खरं. बनावट मतपत्रिका ओळखता याव्यात म्हणून. मोजणीनंतर सगळ्या मतपत्रिका सीलबंद पेट्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या तिजोरीत सहा महिने राहतात, मग जाळतात. न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्या उघडता येत नाहीत.

हा प्रश्न मला २०११ मध्ये शेजारच्या होक्कियन (चिनी समाजातल्या एका गटाच्या) आजींनी लिफ्टमध्ये विचारला होता. त्यांचा मुलगा सरकारी नोकरीत, त्याला त्रास होईल का, ही काळजी. मी माझ्या मोडक्या मँडरिनमध्ये वरचंच सगळं समजावलं. मग आम्ही दोघी एकत्रच शाळेतल्या केंद्रावर गेलो. बोटाला शाई लावत नाहीत इथे, मला ती चुकल्यासारखी वाटली. आजी आडोशामागे बराच वेळ होत्या. बाहेर येऊन त्यांनी माझा हात धरला आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही.