‘पोलीस नको हं मॅडम, आणि ठाण्याला तर मुळीच नको’

घरात कुणाचं मन बिघडलं की धावून जाणाऱ्या आमच्या पथकाला रात्री येणारे फोन बहुतेक याच वाक्याने सुरू होतात. नाव, पत्ता, काय झालंय, हे सगळं त्यानंतर. गंमत म्हणजे बोलणारी माणसं ठाण्यातच राहत असतात, कुणी कळव्याला तर कुणी लोकमान्य नगरला. पण ‘ठाण्याला टाकणं’ म्हणजे काय हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९०१ साली सुरू झालेलं मनोरुग्णालय शहराच्या नावाला असं चिकटलंय की ठाणेकरही एकमेकांना ‘ठाण्याला पाठवू का?’ म्हणून चिडवतात. त्यामुळे ‘तुम्हाला बोलावलं तर त्याला उचलून नेतील का?’ हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. एका घराची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

किसननगर, तिसरा मजला. रात्रीचे पावणेअकरा. फोनवर आई होती, तोही मुलीच्या फोनवरून. तिचा स्वतःचा फोन सव्वीस वर्षांच्या मुलाने पाण्याच्या बादलीत बुडवला होता, त्यातून आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय म्हणून. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली. रात्रपाळीत पेंग येते म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्याने गोळ्या स्वतःच बंद केल्या होत्या. मी विचारलं, “मावशी, त्याच्या हातात काही आहे का? सुरी, काठी? कुणाला मारलंय?” नाही म्हणाल्या. मग रडत, “धाकटीचं लग्न जमवायचंय हो. गाडी दारात आली तर गावापर्यंत बातमी जाईल.”

गाडी आमच्याकडे नाहीच. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या यूजीन शहरात १९८९ पासून ‘कहूट्स’ नावाची सेवा होती. मानसिक संकटाचा फोन आला की पोलिसांऐवजी एक वैद्यकीय कर्मचारी आणि एक संकटात मदत करणारा कार्यकर्ता व्हॅन घेऊन जायचे. २०२५ मध्ये यूजीनमध्ये ती बंद पडली. आमचं पथक म्हणजे वस्तीतलीच माणसं. मी समुपदेशक, एक निवृत्त सिस्टर, दोन आशाताई आणि स्वतःच्या रिक्षासकट एक रिक्षावाले दादा. दादा स्वतः एके काळी दाखल होऊन आलेले, आजही रोज गोळी घेतात. माझं शिक्षण एमएचं, त्यांचं वॉर्डातलं. बंद दाराबाहेर कुणाचं जास्त चालतं हे मला लवकरच कळलं. सुरुवातीला थोडं लागलंही.

वर दोघंच जातो, ओळखपत्र खिशात ठेवून. हे एका चुकीतून शिकलो. एका घरात आम्ही चौघं गळ्यात पट्टे घालून गेलो होतो. तो माणूस आम्हाला पोलीस समजून गॅलरीच्या ग्रिलवर चढला. सिस्टरनी आम्हा तिघांना जिन्यात हाकललं तेव्हा कुठे उतरला.

इथे जिन्यात बारा-पंधरा माणसं, तिघांचे मोबाइल शूटिंगला लागलेले. मुलाच्या मामांनी दोन पोरं आणि नायलॉनची दोरी तयार ठेवलेली. माझ्या मते अशा रात्री सगळ्यात मोठं नुकसान आजार करत नाही, जिना करतो. मामा वाईट नव्हते, घाबरले होते आणि त्यांना काहीतरी करायचं होतं. त्यांना म्हटलं, “मामा, एवढी माणसं खाली न्या. हे फक्त तुमचंच ऐकतील.” दोरी घेऊन गेले, माणसंही गेली.

दादा मागच्या खोलीच्या दारापाशी फरशीवर बसले. खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली. आतून आवाज आला, “तुम्ही त्यांच्यातले का?”

“मी रिक्षावाला. तुला ऐकू येतंय ते मला नाही ऐकू येत. पण चार रात्री झोप नाही म्हणजे जीव मेटाकुटीला आला असेल तुझा.”

बाकी पुढचा तास फारसं काही घडलं नाही. मध्ये पंधरा-वीस मिनिटं कुणीच बोललं नाही. घरच्यांना ही शांतता सहन होत नाही. आई दर दोन मिनिटांनी ‘बाळा, ऐक ना त्यांचं’ म्हणायची आणि मी तिचा हात दाबायचे. ‘असं काही नसतं, मनाचे खेळ आहेत’ म्हणून वाद घातला की तो आणखी आत जातो; ‘हो, ऐकतायत खरे’ म्हटलं की त्याची भीती पक्की होते. या दोन्हींच्या मधलं ते एक वाक्य, ‘मला नाही ऐकू येत, पण तुला त्रास होतोय’, तेवढंच पुन्हा पुन्हा बोलायचं.

बाराच्या सुमारास दार वीतभर उघडलं. मी सरळ विचारलं, “मरून जावं असं वाटलं का?” आईने दचकून माझ्याकडे पाहिलं. असं विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. तो म्हणाला, “काल गच्चीवर गेलो होतो.” हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्याच रात्री गच्चीला कुलूप लावून चावी वॉचमनकडे दिली, गोळ्यांचा डबा आईच्या कपाटात गेला आणि दादा पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिले. सकाळी तो दादांच्या रिक्षातून सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत गेला. औषध सुरू करून डॉक्टरांनी घरी पाठवलं.

पोलिसांना आम्ही कधीच बोलावत नाही असं नाही. हत्यार असेल किंवा कुणाला इजा होत असेल तर ११२ लावतो, आणि शक्य तिथे घरच्यांना आधी सांगून लावतो. तेव्हाही मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे आजारी माणसाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. संमतीशिवाय दाखल करायचं तर प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं आणि पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. एकदा टाकलं की टाकलं, असं आता नाही. आमचं पथक जिथे पोहोचत नाही तिथे १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात.

या मुलाला मात्र तीन आठवड्यांनी दाखल व्हावं लागलं. झोप पुन्हा उडाली तेव्हा तो स्वतःच दादांना म्हणाला, “चला.” स्वतःच्या सहीने दाखल झाला, नऊ दिवसांनी घरी आला. आई रोज डबा घेऊन जायची. पहिल्या दिवशी पदराने तोंड झाकून गेली. चौथ्या दिवशी मला फोन, “मॅडम, शेजारच्या खाटेवरच्या पोराचं कुणीच येत नाही, त्यालाही दोन पोळ्या जास्त नेल्या तर चालेल का?”

बादलीतला तो फोन तांदळाच्या डब्यात ठेवून सुकवला. अजून चालतो, फक्त खरखरतो. गेल्या आठवड्यात त्याच खरखरीतून मावशी बोलत होत्या. त्यांच्या चाळीतल्या दुसऱ्या घरी काहीतरी झालं होतं. “मी जिना मोकळा केलाय,” म्हणाल्या, “पण त्या म्हणतायत पोलीस नको. मी सांगितलं त्यांना, तरी तुम्हीच बोला.” आणि फोन त्या बाईच्या हातात दिला.