संत्र्याच्या जुन्या बगीच्यात पहिल्यांदा जाताना

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडे संत्रा चाखायला निघालास, तर आधी बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, कोणता ते विचार, आंबिया की मृग. आंबियाची फळं दिवाळीच्या आगेमागे, आंबटसर. मृगाची फेब्रुवारी-मार्चात, गोडीला सरस. मी तर मृगाच्याच वेळी जा म्हणेन.

रंगावर जाऊ नको. सालीला पिवळा रंग थंडीनं चढतो, गोडी वेगळी गोष्ट. हिरवट डाग असलेलं फळसुद्धा गोड निघतं. हातात घेऊन वजन बघ, जड लागलं तर रस भरलाय. एकाच झाडाचं उन्हाकडचं एक आणि आतल्या सावलीतलं एक, अशी दोन फळं लागोपाठ खा. फरक जिभेला आपोआप कळेल. पण ओढून तोडू नको रे, देठापाशी साल फाटते आणि फळ लवकर सडतं. मालकाकडून कात्री माग.

फळं जेवणाआधीच चाख. तिखट भाजीनंतर संत्र्याची चव कळणारच नाही. मग बगीच्यातच रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, होऊ दे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला रोडगा राख झटकून फोडला की आतून वाफ येते, त्यावर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी. घाई करू नको, रोडगे भाजायला वेळ लागतोच.

जेवता जेवता शेतकऱ्याला पाण्याचं विचार. बोअर किती खोल गेलेत, खोडातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगानं किती झाडं गेली, हे तो मनापासून सांगेल. नीट ऐक. आणि निघताना पेटीभर संत्रा त्याच्याकडूनच घे, भाव पाडू नको.