आमदार गावात दिसत नाही, म्हणजे काम करत नाही का?

तुम्ही विचारलंय की आमदार पाच वर्षांत दोनदाच गावात आले, सभामंडपही दिला नाही, मग त्यांनी काम केलं की नाही हे ओळखायचं कसं. आमचे दाजी कित्येक वर्षं आमदारांचा हिशेब असाच मांडतात, म्हणून लिहायला बसलो.

दाजींचा आमदार म्हणजे लग्नात अक्षता टाकणारा, दहाव्याला दोन शब्द बोलणारा, नारळ फोडणारा. विधान परिषद तर त्यांच्या मते पडलेल्या पुढाऱ्यांची धर्मशाळा. त्यावर मी एकच नाव घेतो, वि. स. पागे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, 1960 ते 1978 परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम देण्याची कल्पना त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी उतरवली, तासगावात करून दाखवली. पुढे रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पैशाची सोयही पक्की केली होती. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची. मुंबईच्या पगारातून माणदेशातली माती उचलली जायची. हे कुठल्या सभामंडपाने केलं असतं?

आमचं गाव त्याच दुष्काळी पट्ट्यातलं. ऐंशीच्या दशकातला एक उन्हाळा. विहिरी आटलेल्या, शेतात काम नाही. आई आणि वस्तीवरच्या बायका कामाची मागणी लिहून कचेरीत गेल्या. कारकून म्हणाला, "सध्या काम मंजूर नाही, पुढच्या महिन्यात या." आईला सही करायची म्हटली तरी घाम फुटायचा. पण पंधरा दिवसांत काम नाहीतर भत्ता, हे कोणीतरी तिच्या डोक्यात पक्कं भरवलं होतं. ती म्हणाली, "मग काम नाही असं लिहून द्या, आणि ह्या कागदाची पोच द्या." कारकुनाने दोनदा चष्मा पुसला. पोच मिळाली, आणि मुदतीच्या आत पाझर तलावाचं काम निघालं.

तिथे खोदताना खड्ड्याच्या मधे मातीचा एक खुंट तसाच ठेवायचे, मूळ जमीन किती उंच होती ते मापताना कळावं म्हणून. मुकादम मापात मारायला बघायचा, तर आई त्या खुंटाला काठी लावून त्याच्याशी भांडायची. पैसे मापावर, त्यामुळे बाईचा दर वेगळा, बाप्याचा वेगळा ही शेतावरची रीत तिथे चालायची नाही. त्या पैशातून धाकट्या बहिणीची शाळा सुटली नाही. तीच बहीण दाजींच्या घरात. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची सोय नाही, जावई पडले.

तर ओळखायचं कसं? तुमच्या आमदारांनी सभागृहात किती प्रश्न टाकले, कशावर टाकले, तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना कुठली मांडली, ते कामकाजात छापलेलं असतं, ते बघा. पाणी, वीज, पीकविमा यावर पाच वर्षांत एकदाही तोंड उघडलं नसेल तर गावात रोज आले तरी उपयोग शून्य. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, ते काही लग्नांना हजेऱ्या लावून नव्हे.

आता हेही खरं, की रोजगार हमीच्या कामांत बोगस मस्टर, म्हणजे खोटे हजेरीपट, भरपूर झाली, मेलेली माणसंही कामावर दिसायची. कागदावर चांगला असलेला कायदा गावात पोचेपर्यंत त्याचे काय हाल होतात ते आम्ही पाहिलंय. आणि आमदार निधीही अगदीच फुकट जात नाही. आमच्या स्मशानातली शेड त्यातूनच झाली, पावसात तिचा उपयोग होतो, हे दाजींचं म्हणणं मला मान्य आहे. विधान परिषदेचं मात्र नाही.