डिस्क आत गेली, पण मेनू कुठाय?

वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटरवर ब्लू-रे

गेल्या अंकात जुन्या डीव्हीडी जपून कशा ठेवायच्या त्यावर लिहिलं होतं आणि त्यावर जी पत्रं आली ती जवळपास सगळी ब्लू-रेबद्दल, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या डिस्कबद्दल, म्हणून यावेळचं सदर त्यालाच दिलंय. आधी एक सांगते. ब्लू-रे चालत नाही म्हणजे तीनातलं काहीतरी एक अडलेलं असतं. ड्राइव्हला डिस्क वाचताच येत नाही, किंवा वाचता येते पण तिच्यावरचं कुलूप, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं संरक्षण, उघडत नाही, किंवा कुलूपही उघडलं पण मेनूचा प्रोग्राम चालत नाही. आपलं घोडं कुठे अडलंय ते आधी बघा, नाहीतर चांगला ड्राइव्ह परत करून दुसरा आणाल आणि तोही तसाच वागेल.

प्रश्न : विंडोज 11 चा लॅपटॉप आहे, त्याला यूएसबीचा ब्लू-रे ड्राइव्ह घेतला. डिस्क टाकली की आतले फोल्डर दिसतात, मोठमोठ्या फाइल दिसतात, पण डबल क्लिक केलं की एरर नाहीतर स्क्रीनवर नुसते चौकोन. दुकानदार म्हणतो ड्राइव्ह ठणठणीत आहे. मग चुकतंय काय?
– एक वाचक, नाशिक

दुकानदार बरोबर सांगतोय. फोल्डर दिसले म्हणजे ड्राइव्ह डिस्क वाचतोय. तुमचं अडलंय कुलपात. बाजारात मिळणाऱ्या सिनेमाच्या ब्लू-रेवर एएसीएस नावाचं एन्क्रिप्शन असतं, काहींवर त्याच्या जोडीला बीडी-प्लस नावाचं आणखी एक कुलूप, आणि ते उघडायची किल्ली लायसन घेतलेल्या प्लेअरकडेच असते. विंडोजच्या कुठल्याच व्हर्जनमध्ये सिनेमाची ब्लू-रे चालवायची सोय मुळातून आलेली नाही, 7 मध्ये नव्हती आणि 11 मध्येही नाही, त्यामुळे सेटिंगमध्ये शोधत बसू नका.

सरळ रस्ता म्हणजे पॉवरडीव्हीडीसारखा विकतचा प्लेअर. पैसे जातात पण कुलूप, मेनू, सगळं त्यात येतं. काही ड्राइव्हच्या खोक्यात त्याची एखादी जुनी व्हर्जन फुकट मिळते, खोकं फेकायच्या आधी ते बघा, फक्त अशा फुकट व्हर्जनमध्ये कधीकधी ब्लू-रेच वगळलेला असतो, नुसती डीव्हीडी चालते, तेव्हा इन्स्टॉल करायच्या आधी बारीक अक्षरं वाचा.

दुसरा रस्ता व्हीएलसी नावाच्या प्लेअरचा. व्हीएलसी फुकट आहे, ब्लू-रे ओळखतो, पण कुलूप उघडणारी लायब्ररी त्याच्यासोबत येत नाही, ती आणि किल्ल्यांची फाइल वेगळी लागते. ते नसलं की तो तसं स्वच्छ सांगतो, एएसीएसची लायब्ररी सापडली नाही किंवा कॉन्फिगरेशन फाइल नाही असा मेसेज येतो. तो मेसेज बंद करून परत परत प्ले दाबू नका, नीट वाचा, त्यातच उत्तर असतं.

तिसरा रस्ता मेकएमकेव्ही नावाचा प्रोग्राम. डिस्क टाकली की तो आतल्या सगळ्या टायटलची, म्हणजे वेगवेगळ्या व्हिडिओंची, यादी दाखवतो, त्यातलं सिनेमाच्या लांबीचं निवडायचं आणि हार्ड डिस्कवर एमकेव्ही प्रकारची व्हिडिओ फाइल करून घ्यायची, मग ती कुठेही चालते. यात मेनू मात्र जातो. मेनू हवा असेल तर त्याच प्रोग्राममध्ये अख्ख्या डिस्कचा बॅकअप घ्यायची सोय आहे, तो घ्या आणि तो फोल्डर व्हीएलसीत उघडा. दोन लेअरची डिस्क 50 जीबीपर्यंत भरलेली असते, तेवढी जागा आधी करून ठेवा.

कायद्याचं बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65ए आलं, त्यात कुलूप तोडण्याला शिक्षा आहे, पण ते हक्काचा भंग करायच्या हेतूने केलं असेल तर. स्वतः विकत घेतलेली डिस्क स्वतः घरात बघणं वेगळं आणि तिच्या कॉप्या काढून वाटणं वेगळं. वाटू नका, विकू नका, अपलोड करू नका. अमेरिकेतला कायदा याहून कडक आहे, तिथे कुलूप तोडणं हेच बेकायदा धरलं जातं, तिकडच्या वाचकांनी ते लक्षात ठेवा.

प्रश्न : मुलीच्या लग्नाचं शूटिंग व्हिडिओवाल्याने ब्लू-रेवर दिलंय. त्याच्याकडे मस्त मेनू दिसला होता, हळद, सीमांत पूजन, लग्न, रिसेप्शन असे फोटो आणि खाली बटणं. आमच्या घरी जावयाने डिस्कमधलं सगळं पेनड्राइव्हवर घेऊन दिलं तर आता आकड्यांच्या नावाच्या फाइल आहेत, एक लावली की अक्षता पडतायत, दुसरी लावली की थेट पंगत. मेनू गेला का कायमचा?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

अहो काही गेलेलं नाही, सगळं पेनड्राइव्हवरच आहे. लग्नाच्या डिस्कला कुलूप नसतं, त्यामुळे तुमचं काम नाशिकच्या वाचकांपेक्षा फार सोपं आहे.

पेनड्राइव्हवर बीडीएमव्ही नावाचा एक फोल्डर असेल, तो उघडून बघा. त्यात स्ट्रीम नावाच्या फोल्डरात त्या आकड्यांच्या फाइल आहेत, चित्र आणि आवाज त्यांच्यात. प्लेलिस्ट नावाच्या फोल्डरात छोट्या छोट्या फाइल आहेत, कुठला तुकडा कशानंतर लावायचा ते त्यांच्यात लिहिलेलं असतं. आणि बाहेर इंडेक्स आणि मूव्हीऑब्जेक्ट अशा दोन फाइल दिसतील, मेनूत कुठलं बटण दाबल्यावर काय लावायचं ते त्या ठरवतात. तुम्ही थेट स्ट्रीममधली फाइल उघडताय म्हणून क्रम आणि मेनू दोन्ही वगळले जातायत, आणि अक्षतांनंतर पंगत येतेय.

आता असं करा. व्हीएलसी उघडा, मीडिया, मग ओपन डिस्क, तिथे ब्लू-रे निवडा, नो डिस्क मेनूज असा एक चौकोन आहे त्यातली टिक काढा, मग ब्राउज दाबून फोल्डर निवडा. इथेच बहुतेकांचं चुकतं. बीडीएमव्ही फोल्डर निवडायचा नाही, तो ज्याच्या आत आहे तो बाहेरचा निवडायचा, तुमच्या बाबतीत बहुतेक पेनड्राइव्हच. प्ले केलं की व्हिडिओवाल्याकडे दिसला तोच मेनू येईल, हळदीपासून.

आणि एक विनंती आहे. बीडीएमव्हीमधल्या फाइलना हळद, लग्न अशी नावं द्यायचा मोह होईल, देऊ नका. नाव बदललं की प्लेलिस्टला तो तुकडा सापडत नाही आणि मग मात्र खरंच मेनू जाईल. अख्खा फोल्डर आहे तसा अजून एका हार्ड डिस्कवर ठेवा, लग्नाचं शूटिंग एकाच डिस्कवर आणि एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नये.

प्रश्न : व्हीएलसीत माझ्या काही ब्लू-रेचा मेनू छान येतो आणि काहींचा येतच नाही, सिनेमा थेट सुरू होतो. जावा नाही असं काहीतरी म्हणतो. सिनेमाला जावा कशाला लागतं? आणि मेनू आला तरी माउसने नीट चालत नाही.
– एक वाचक, पुणे

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण ब्लू-रेची खरी गंमत यातच आहे. ब्लू-रेचे मेनू दोन जातीचे असतात. एक साधे, चित्रावर बटणं आणि बटणामागे ठरलेल्या आज्ञा, वरच्या लग्नाच्या डिस्कसारखे. दुसरे बीडी-जे, म्हणजे जावात लिहिलेला अख्खा प्रोग्रामच डिस्कवर असतो. मोठ्या स्टुडिओंच्या बऱ्याच डिस्क या दुसऱ्या जातीच्या. सिनेमा चालू असताना खालून सरकत येणारा मेनू, कुठे थांबला होतात ते लक्षात ठेवणारी डिस्क, आतले खेळ, हे जावाच्या जिवावर चालतं. ओळखायचं कसं? बीडीएमव्हीच्या आत जार नावाच्या फोल्डरात काही भरलेलं असेल तर बीडी-जे.

व्हीएलसीला अशा मेनूचा आधार 3.0 पासून, म्हणजे 2018 पासून आलाय, तुमचा त्याहून जुना असेल तर आधी अपडेट करा. मग कॉम्प्युटरवर जावा टाका, आणि व्हीएलसी 64 बिटचा असेल तर जावाही 64 बिटचाच हवा, 32 चा टाकलात तर तो जावा नाहीच असं म्हणत राहील आणि तुम्ही म्हणाल आत्ताच तर टाकला. जावा 8 बरोबर हे गाडं चांगलं चालतं. उबुंटू लिनक्सवाल्यांना लिबब्लूरे-बीडीजे नावाचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

माउसचं म्हणाल तर हे मेनू रिमोटसाठी बनवलेत, बाण आणि ओके एवढंच त्यांना कळतं असं धरून चाला. कीबोर्डचे चार बाण आणि एंटर वापरा. मुख्य मेनूवर परत जायला शिफ्ट आणि एम. बाण दाबल्यावर मेनू हलला नाही तर व्हिडिओच्या चित्रावर एकदा क्लिक करा. आणि बीडी-जेचा मेनू यायला वेळ लागतो, काळी स्क्रीन दिसली की लगेच बंद करू नका, थोडं थांबा.

हे सगळं करूनही काही डिस्क हटून बसतात, तेव्हा मेनूचा नाद सोडून टायटलच्या यादीतून सिनेमा लावावा. पण त्यातही एक खोच आहे, काही स्टुडिओ मुद्दाम एकाच लांबीच्या शेकडो प्लेलिस्ट डिस्कवर भरतात, त्यातली एकच खरी, बाकीच्यांत सीन उलटसुलट लावलेले. सिनेमा मध्येच दुसरीकडे उडी मारतोय असं वाटलं तर डिस्क खराब नाहीये, तुम्ही खोटी प्लेलिस्ट धरलीय. अशा डिस्कला विकतचा प्लेअर किंवा टीव्हीला जोडायचा ब्लू-रे प्लेअरचा डबा, दुसरा इलाज मी तरी सुचवणार नाही. एरवी नुसता सिनेमा बघायचा तर मेनूवाचून काही अडत नाही, पण दिग्दर्शकाची कॉमेंट्री, कापलेले सीन, मेकिंग हे ज्यांना बघायचंय त्यांनी मेनूसाठी थोडी मेहनत जरूर घ्यावी. डिस्क विकत घेण्यातला अर्धा आनंद तोच आहे.

प्रश्न : न्यू जर्सीहून मुलगा डिस्क आणतो. काही चालतात, काही रीजन चुकीचा आहे असा बोर्ड दाखवून थांबतात. ड्राइव्हचा रीजन बदलायचा का?
– एक वाचक, सांगली

ड्राइव्हला हात लावू नका. रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी काढलीय त्याचा कोड. डीव्हीडीचा रीजन ड्राइव्हमध्ये असायचा आणि पाच वेळाच बदलता यायचा, ती भीती अजून लोकांच्या मनात आहे. ब्लू-रेचा रीजन कॉम्प्युटरवर प्लेअरच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. अमेरिका ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. व्हीएलसीत प्रेफरन्सेसमध्ये खाली शो सेटिंग्जला ऑल करा, मग इनपुट, त्यात अ‍ॅक्सेस मॉड्यूल्स, त्यात ब्लू-रे, तिथे रीजन मिळेल. तो मुळात बी वर असतो, तुम्ही ए करा. मेनू दाखवायचा की नाही ते पण तिथेच आहे. विकतच्या प्लेअरमध्ये मात्र रीजन मोजक्याच वेळा बदलता येतो, तिथे जपून.

प्रश्न : जुन्या डिस्क इतके दिवस चालत होत्या. नवीन सिनेमाची डिस्क आणली, ती तर चाललीच नाही, पण त्यानंतर जुन्याही बंद. सर्टिफिकेट रिव्होक्ड असं येतं. नवीन डिस्कने ड्राइव्ह बिघडवला का?
– एक वाचक, मडगाव

बिघडवला नाही, पण तुमचा संशय अगदीच चुकीचा नाही. सर्टिफिकेट म्हणजे प्लेअर ड्राइव्हला दाखवतो ते ओळखपत्र. नवीन डिस्कवर बाद केलेल्या प्लेअरांची ताजी यादी असते, ड्राइव्ह ती वाचून स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि पुढे त्या यादीतल्या प्लेअरला दाद देत नाही, मग आत जुनी डिस्क असली तरी. डिस्क बाहेर काढली म्हणून ती यादी पुसली जात नाही. विकतचा प्लेअर असेल तर अपडेट करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. व्हीएलसीवाल्यांच्या किल्ल्यांच्या फाइलमध्ये त्या विशिष्ट डिस्कची स्वतःची किल्ली असेल तर या सर्टिफिकेटची गरजच पडत नाही, म्हणून काही जुन्या डिस्क चालतात आणि काही नाही असंही होतं.

प्रश्न : नवा कोरा महागडा कॉम्प्युटर घेतला तरी 4के ब्लू-रे लागत नाही, भावाच्या जुन्यावर लागते. असं का?
– एक वाचक, ठाणे

पॉवरडीव्हीडीतून 4के डिस्क लावायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय लागते आणि इंटेलने ती 11 व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली. भावाचा 7 ते 10 व्या पिढीतला असणार. शिवाय मॉनिटरला एचडीसीपी 2.2, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या चित्राची कॉपी रोखणारी सोय, लागतं. एका डिस्कसाठी कॉम्प्युटर बदलू नका, 4के डिस्कचा खरा प्लेअर टीव्हीला जोडा, त्यात पैसे सत्कारणी लागतील. साध्या ब्लू-रेला यातलं एसजीएक्स वगैरे काही लागत नाही, त्या तुमच्या नव्या कॉम्प्युटरवरही चालतील.