धडे कधी लिहायचे? वाचकांचे प्रश्न

प्रकल्पातून मिळालेले धडे कधी आणि कसे नोंदवायचे, याबद्दलचा घोळ याही वेळी बहुतेक पत्रांत आहे, म्हणून पुन्हा उत्तरं देतो.

प्रश्न : दोन आठवड्यांच्या स्प्रिंटनंतर (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यानंतर) रेट्रो, म्हणजे मागे वळून पाहण्याची बैठक, किती वेळ चालावी?

स्क्रम गाइडनुसार (स्प्रिंटमध्ये काम करण्याच्या स्क्रम पद्धतीची अधिकृत पुस्तिका) महिनाभराच्या स्प्रिंटला जास्तीत जास्त 3 तास. तुमची त्याहून आटोपशीर असावी.

प्रश्न : ॲजाइलमध्ये (छोट्या टप्प्यांत काम करत सुधारत जाण्याच्या पद्धतीत) लेखी काही ठेवायचंच नसतं, असं सहकारी म्हणतात. खरं का?

नाही. ही ऐकीव गोष्ट आहे आणि तिने फार नुकसान केलं आहे. 2001 च्या ॲजाइल जाहीरनाम्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअरला कागदपत्रांपेक्षा जास्त मोल दिलंय, पण कागदपत्रं टाकून द्या असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट, ठरावीक काळाने टीमने मागे वळून पाहावं आणि आपली पद्धत सुधारावी, हे त्याच्या 12 तत्त्वांपैकी शेवटचं. मूळ मजकूर छोटा आहे, वाचा.

प्रश्न : प्रकल्प आठ महिन्यांचा आहे. सगळे धडे शेवटच्या बैठकीत नोंदवले तर?

कृपया असं करू नका. चाचणीचा सर्व्हर उशिरा मिळाला, एवढं आठ महिन्यांनीही आठवेल. पण मागणी कधी टाकली, कुणाच्या मंजुरीसाठी अडली, हे कुणीच सांगू शकणार नाही, आणि धडा नेमका तिथेच असतो. माहितगार माणसं तोवर दुसऱ्या टीममध्ये गेलेली असतात. मग ‘संवाद सुधारायला हवा’ एवढंच कागदावर उरतं. अशा वाक्याने कुणाचं काम बदललेलं मी आजवर पाहिलेलं नाही. पीएमबॉक या प्रकल्प व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या 2017 च्या सहाव्या आवृत्तीतही धड्यांची नोंदवही सुरुवातीलाच उघडून प्रकल्पभर भरत राहायला सांगितलं आहे. घटना घडली त्याच दिवशी चार ओळी लिहा: काय झालं, का झालं, पुढे काय वेगळं करायचं, कोण करणार. चौथी ओळ कोरी असेल तर ती नुसती तक्रार. नाव ठरलं की ते काम पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये (कामांच्या यादीत) चढवा. कोणता बदल आधी घ्यायचा हे मात्र परस्पर ठरवू नका. प्रॉडक्ट ओनर (कामांचा प्राधान्यक्रम लावणारी व्यक्ती) आणि टीमसोबत बसा.

प्रश्न : बैठक ऐकून धडे आपोआप काढणारं एआय टूल एक विक्रेता देतोय. घ्यावं का?

घाई नको. टूल बोललेलं टिपेल. पण रेकॉर्डिंग चालू आहे म्हटल्यावर माणसं खरं बोलायला कचरतात, हे विक्रेता सांगत नाही. आधी साध्या शीटवर तीन स्प्रिंट काढा. तरीही हवं असेल, तर सही करण्यापूर्वी माहिती कुठे साठवली जाते हे तुमच्या सुरक्षा विभागाकडून तपासून घ्या.

प्रश्न : चूक करणाऱ्याचं नाव नोंदवहीत लिहावं का?

नाही. प्रकरण गंभीर असेल तर मॅनेजर आणि एचआर यांच्याशी स्वतंत्रपणे बोला.