बंदोबस्तावरच्या पोलिसाने विषाणूपासून स्वतःला कसं जपावं?

तुमचा धाकटा भाऊ नुकताच पोलीस दलात लागलाय आणि पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर बंदोबस्तावर त्याने काय काळजी घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. २०२० मध्ये मी अंमलदार म्हणून नाकाबंदीवर होतो, तेव्हा अनुभवलं तेच सांगतो.

नाक्यावर आम्ही डोळ्यांत तेल घालून जपायचो. तिथे खेळतं वारं होतं, गाडीवाला दोन मिनिटांत पुढे जायचा. ड्युटी संपली की मात्र आम्ही आठ जण एका व्हॅनमध्ये, काचा बंद, मास्क हनुवटीवर, मांडीवर उघडे डबे. दिवसभराची मेहनत तिथे पाण्यात जायची. हा विषाणू श्वासातून, बोलण्यातून बाहेर पडतो आणि कोंदट जागेत हवेत तरंगत राहतो. त्यातून लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. शेजारी बसलेला मित्र ठणठणीत दिसतोय यावर विसंबता येत नाही. त्यामुळे गाडीच्या काचा खाली, जेवण उघड्यावर, तेही पाळीपाळीने. विश्रांतीच्या खोलीचंही तेच, खिडक्या उघड्या हव्यात.

वरिष्ठांनी करायची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तीच माणसं कायम एकाच पाळीत, एकाच गाडीत ठेवावीत. मग एक जण आजारी पडला तर तेवढी तुकडी बाजूला काढता येते, अख्खं ठाणं बंद पडत नाही. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना आणि वयस्कर हवालदारांना गर्दीच्या ड्युटीतून वगळावं.

आता जे आठवलं की अजून पोटात कालवतं ते. आमच्या एकाने दोन दिवस ताप लपवला. आधीच माणसं कमी, रजा मागितली तर कामचुकार म्हणतील, ही धास्ती. गोळी घेऊन हजेरीला उभा राहायचा. पाठोपाठ त्याच्या गाडीतले चौघे आडवे झाले. मी त्याला दोष देत नाही. ताप आहे म्हणणाऱ्याला साहेबाने त्याच क्षणी, एक शब्दही न सुनावता घरी पाठवायला हवं. सॅनिटायझरच्या शंभर बाटल्यांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

वायरलेस सेट एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे जातो आणि त्यावर बोलताना तोंड अगदी जवळ नेलं जातं. हातात घेण्याआधी तो पुसायचाच. लाठी, बेड्या, गाडीचं स्टिअरिंगही. हातमोज्यांचा मला फारसा भरवसा नाही, मोजा घातलेला हातही नाकाला लागतोच. साबणाने २० सेकंद हात धुणं उत्तम, कारण या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. पाणी नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर. दारू तपासायला चालकाला यंत्रात फुंकर मारायला लावणं साथीत टाळलेलंच बरं. लस आली की पहिल्या रांगेत उभं राहायचं.

मास्क एन-९५ घ्यावा, पण व्हॉल्व्हवाला नको. त्यातून आपला श्वास न गाळता समोरच्यावर जातो. दाढी वाढलेली असेल तर मास्क गालाला चिकटत नाही, कडेने हवा शिरते. भावाला चष्मा असेल तर मास्क लावून जोरात श्वास सोडायला सांगा. काचेवर धुकं आलं तर नाकावरची पट्टी अजून दाबून बसवायला हवी.